प्रवासात टिन व्हिसल घेताना पट्टी कोणती निवडावी आणि नग कसे पारखावेत?

रावपुरेकर (वडोदरा)

सप्टेंबरमध्ये कामानिमित्त मला आठवडाभर मँचेस्टरला आणि पुढे चार दिवस डब्लिनला जायचे आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी दांडिया बाजारातील एका गुरुजींकडे दीड वर्षापासून बासरी शिकते. तिला सुराची जाण चांगली आहे, परंतु वर्गातील पांढरी पाचची (हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज असलेली) बासरी तिच्या हाताला अजून मोठी पडते; उजव्या हाताचे शेवटचे बोट छिद्रावर नीट बसत नाही आणि मंद्र पंचम लावताना नुसती हवा निघते. मध्यंतरी एका स्नेह्यांच्या घरी तिला आयर्लंडहून आणलेली टिन व्हिसल, म्हणजे शिट्टीसारख्या मुखाची, सहा छिद्रांची पत्र्याची छोटी बासरी, हाताळायला मिळाली आणि पाच मिनिटांत तिने त्यावर सरगम वाजवून दाखवली. तेव्हापासून तिचे मन त्या वाद्यावर जडले आहे.

येथील वाद्यांच्या दुकानांत मला बासऱ्या आणि शाळेत वापरतात ते प्लॅस्टिकचे रेकॉर्डर (हेही फुंकून वाजवायचे वाद्य) मिळाले, टिन व्हिसल मात्र मिळाली नाही. म्हणून ती प्रवासातच घ्यावी असा विचार आहे. माझा मुख्य प्रश्न पट्टीचा आहे. नवशिक्याने ‘डी’ची व्हिसल घ्यावी असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु ‘डी’ म्हणजे पांढरी दोन आणि आमच्या वर्गाची पट्टी पांढरी पाच, म्हणजे ‘जी’. मग मी ‘जी’ची व्हिसल घ्यावी काय? दुसरे असे की मी स्वतः वादक नाही, आणि दुकानात मला फार तर तासभर मिळेल. तेवढ्या वेळात चार-पाच नगांची तुलना कशी करावी, हे कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

अलकापुरीतील वाचक

मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे डब्लिनमध्ये होतो आणि तेथेच हे वाद्य शिकलो. सर्वप्रथम विनंती अशी की ‘जी’ची व्हिसल घेऊ नका. आपल्याकडील बासरी शिकणारे पुष्कळ लोक येथेच फसतात, कारण दोन्ही वाद्यांना सहाच छिद्रे असली तरी त्यांची नावे ठेवण्याची रीत वेगळी आहे. आपण बासरीची पट्टी सांगतो ती वरची तीन छिद्रे बंद केल्यावर येणाऱ्या षड्जावरून, तर व्हिसलचे नाव पडते ते सहाही छिद्रे बंद केल्यावर निघणाऱ्या सर्वांत खालच्या स्वरावरून. ‘डी’च्या व्हिसलवर वरची तीन छिद्रे बंद केली की ‘जी’ वाजतो. म्हणजे आपल्या मुलीने बासरीचीच बोटे ठेवली तर ‘डी’च्या व्हिसलवर तिला नेमकी पांढरी पाच मिळेल, सर्व छिद्रे बंद असताना पंचम येईल आणि सर्व उघडी असताना तीव्र मध्यम येईल, जसा बासरीवर येतो. उलट ‘जी’ची व्हिसल आणली तर त्याच बोटांनी पांढरी एक लागेल आणि तानपुऱ्याशी काही जुळणार नाही. ज्यांच्या गुरूंची पट्टी वेगळी असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो की याच हिशेबाने ‘सी’च्या व्हिसलवर पांढरी चार, ‘बी फ्लॅट’वर काळी दोन आणि ‘ई फ्लॅट’वर काळी चार मिळते. एक फरक मात्र लक्षात असू द्यावा, की व्हिसलचा षड्ज वर्गातील बासरीच्या षड्जापेक्षा एक सप्तक वर असेल.

आता बनावटीविषयी. आपण मँचेस्टरला जात आहात ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते, कारण आज जिला आपण टिन व्हिसल म्हणतो ती तेथेच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. इंग्लंडच्या सफक परगण्यातील रॉबर्ट क्लार्क या कारागिराने 1843 मध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची व्हिसल बनवायला घेतली आणि नंतर मँचेस्टरला कारखाना काढला. क्लार्कची मूळ धाटणीची व्हिसल आजही मिळते. ती खालच्या टोकाकडे निमुळती होत जाते, तिच्या मुखात लाकडी गुट्टी बसवलेली असते आणि आवाजात श्वासाचा खरखरीत मऊपणा असतो. मला तो अतिशय आवडतो, परंतु तिला फुंक जास्त लागते आणि लहान मुले लवकर दमतात. त्याच कंपनीच्या ‘स्वीटोन’ प्रकाराला प्लॅस्टिकचे मुख आहे आणि ती हलक्या फुंकीनेही बोलते. जनरेशन ही इंग्लंडची व्हिसल पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या सरळ नळीची असते आणि अनेक पट्ट्यांत मिळते. फेडोग आणि वॉल्टन्स या आयर्लंडच्या व्हिसल डब्लिनमध्ये कोठेही दिसतील. या सर्व साध्या व्हिसल साधारण दहा ते वीस युरोंच्या घरात असतात. हाताने घडवलेल्या आणि सुरात जुळवता येणाऱ्या व्हिसलची किंमत शंभराच्या पुढेही जाते, आणि पहिल्या खरेदीत तेवढा खर्च करण्याची मुळीच आवश्यकता नाही.

दुकानात एक लांब, दिसायला जवळजवळ आपल्या बासरीसारखी ‘लो डी’ व्हिसलही दिसेल. अशी खालच्या सप्तकाची ‘लो’ व्हिसल बर्नार्ड ओव्हर्टन यांनी 1971 मध्ये फिनबार फ्युरी या वादकासाठी प्रथम बनवली. तिचा आवाज मन ओढून घेणारा आहे. पण तिची लांबी साठ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि छिद्रे इतकी दूर असतात की मोठी माणसेही बोटांची टोके सोडून मधल्या पेरांनी ती झाकतात. ज्या अडचणीसाठी आपण व्हिसल घेत आहात तीच अडचण तेथे पुन्हा उभी राहील.

बासरीवादिनी

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत बासरी शिकले आणि आता लहान मुलांना शिकवते. वरील उत्तरातील पट्टीचा हिशेब अगदी बरोबर आहे. नग पारखण्याबद्दल मी लिहिते, कारण स्वस्त व्हिसलमध्ये एकाच बनावटीच्या, एकाच खोक्यातील दोन नगांतही पुष्कळ अंतर असते. पाचेक वर्षांपूर्वी परदेशातील एका दुकानातून मी घाईघाईत न वाजवता दोन व्हिसल उचलल्या. घरी आल्यावर एक उत्तम निघाली आणि दुसरीच्या वरच्या सप्तकातील धैवत शेवटपर्यंत जागेवर आला नाही.

दुकानदाराची परवानगी घेऊन, मुख पुसून, पहिल्यांदा व्हिसल दोन मिनिटे मुठीत धरून ऊब द्यावी. थंड नळीत तोंडची वाफ साचून आवाज बसतो आणि चांगला नगही वाईट वाटतो. तसे झालेच तर मुखाच्या चौकोनी झरोक्यावर बोट ठेवून एकदा जोराने फुंकावे, पाणी निघून जाते. मग सहाही छिद्रे बंद करून अगदी हलकी फुंक द्यावी. तो खालचा स्वर स्थिर राहतो की थोडा श्वास वाढताच वरच्या सप्तकात उडी मारतो, हे नीट ऐकावे. लहान मुलीच्या दृष्टीने माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे, कारण व्हिसलवर ओठांनी करण्यासारखे काही नसते आणि सप्तक बदलते ते केवळ फुंकीच्या जोरावर. खालचा स्वर थोडीही वाढलेली फुंक सहन करत नसेल तर मुलीला प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून वाजवावे लागेल.

त्यानंतर वरची तीन छिद्रे बंद ठेवून षड्ज लावावा, फुंक वाढवून तोच स्वर वरच्या सप्तकात घ्यावा आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात काय ते पाहावे. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप असेल तर ते पांढरी पाचवर लावून एका कानात ठेवावे. आपण वादक नसलात तरी मुलीचा रियाज रोज ऐकणाऱ्या वडिलांना षड्ज-पंचम हलला की कळतोच. शेवटी पहिले छिद्र उघडे ठेवून दुसरे आणि तिसरे बंद करावे. ‘डी’च्या व्हिसलवर येथे ‘सी’, म्हणजे आपल्या पांढरी पाचचा शुद्ध मध्यम यायला हवा. बासरीवर शुद्ध मध्यम आपण पहिले छिद्र अर्धे झाकून काढतो, व्हिसलवर तो असा आडबोटांनीही निघतो, आणि बऱ्याच नगांत तो थोडा चढा असतो. एवढ्या एका दोषासाठी नग नाकारू नका, कारण तेथे अर्धे छिद्र वापरून स्वर सुधारता येतो. सप्तके जुळत नसतील तर मात्र तो नग बाजूला ठेवा.

हवामानाचाही विचार करावा. हवा तापली की सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्याचा स्वर चढतो. नळीतील हवा दहा अंशांनी तापली तर स्वर सुमारे तीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसऱ्या भागाइतका वर जातो. वाजवताना नळी श्वासानेही तापते, त्यामुळे बाहेरच्या तापमानाचा सगळा फरक स्वरात उतरत नाही. तरीही डब्लिनच्या थंडीत बरोबर लागणारी व्हिसल आपल्या मे महिन्यात चढी लागणार. म्हणून मुख पुढे-मागे सरकवता येईल अशी नळी घेणे हिताचे. प्लॅस्टिकचे मुख बहुधा डिंकाने पक्के बसवलेले असते, ते काही क्षण गरम पाण्यात धरून हळुवार पिळले की सुटते. क्लार्कच्या मूळ व्हिसलला ही सोय नाही, कारण ती एकसंध असते.

कारेलीबाग, निवृत्त शिक्षक

एक काळजी नोंदवतो. बासरीत फुंकीचा कोन आणि ओठांची ठेवण साधायला महिने लागतात, आणि व्हिसल ती मेहनत मुखाच्या बनावटीतच करून ठेवते. आपले जुने अलगूजही याच जातीचे वाद्य, आणि कच्छचे लोक दोन नळ्या एकदम तोंडात धरून जो जोडिया पावा वाजवतात तोही याच जातीचा. वाद्ये उत्तमच आहेत. परंतु व्हिसलवर रमलेल्या मुलीची बासरीची फुंक मागे पडू नये, यासाठी आधी गुरुजींची संमती घ्यावी असे मला मनापासून वाटते. मींडेचेही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याचेही, तेच आहे. लहान छिद्रांवर बोट सरकवून मींड निघते, पण बासरीइतकी लांब आणि भरीव निघत नाही.

बासरीवादिनी

काकांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्याकडील मुले आधी पंधरा मिनिटे बासरीवर केवळ दीर्घ स्वर लावतात आणि मगच व्हिसलला हात लावतात. बोटांची ओळख दोन्हीकडे एकच राहत असल्यामुळे, हात वाढल्यावर मोठ्या बासरीवर येणे त्यांना जड गेलेले नाही.

रावपुरेकर (वडोदरा)

परत आल्यावर कळवतो असे ठरवले होते, म्हणून हे लिहीत आहे. निघण्यापूर्वी गुरुजींना सर्व उत्तरे वाचून दाखवली. त्यांनी कागदावर दोन्ही वाद्यांची सहा-सहा छिद्रे काढून हिशेब पडताळला आणि ‘डी’च आणा असे सांगितले. सकाळचे पाऊण तास बासरी आणि संध्याकाळी व्हिसल, ही त्यांची अट आहे.

डब्लिनच्या दुकानात मी पितळी नळीचे पाच नग मागितले. दुकानातील बाईंनी स्वतः पुसायला कापड दिले आणि सावकाश पाहा असे म्हणाल्या. पहिल्या दोन्ही नगांचा खालचा स्वर फुंक जराशी वाढताच वर उडत होता. तिसऱ्याचा खालचा स्वर इतका शांत होता की माझ्यासारख्या अनभिज्ञालाही फरक कळला, परंतु त्याची सप्तके तानपुऱ्यावर जुळली नाहीत. चौथ्यावर दोन्ही गोष्टी साधल्या. पाचवा त्याच्या जवळपास होता. चौथा घेतला, आणि क्लार्कची निमुळती व्हिसलही मोह न आवरून घेतली. ती मात्र मी स्वतः शिकणार आहे.

घरी आल्यावर दुपारच्या उकाड्यात व्हिसल खरोखरच चढी लागली. गरम पाण्याचा उपाय करून मुख साधारण दोन मिलिमीटर बाहेर ओढले, तेव्हा ती गुरुजींच्या तानपुऱ्याशी मिळाली. काल मुलीने तिच्यावर यमनची बंदिश वाजवली, आणि मंद्र पंचमावर तिचे शेवटचे बोट पूर्ण बसले होते.