२४ फ्लॅट, चौघांचा मिसळलेला कचरा: दंड कोणी भरायचा?

सुदामानगरकर: इंदूरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट. चार घरांतून ओला-सुका एकत्रच येतो. गाडीवाले तो घेत नाहीत, मग वॉचमन हाताने निवडतो. दंड झाला तर सोसायटीच्या फंडातून द्यावा की त्या चौघांकडून घ्यावा? ‘मेंटेनन्स भरतो, पुढचं तुम्ही बघा’ असं त्यांचं म्हणणं.

मल्हारगंजवाले: फंडातून मुळीच नको. वीस घरांनी चौघांचा दंड का भरायचा? जिन्यातला सामायिक ड्रम काढा, घरोघरच्या बादलीवर ऑइलपेंटने फ्लॅट नंबर घाला. वसुलीचा ठराव सर्वसाधारण सभेत करा, नाहीतर उद्या वाद. आणि वॉचमनचं निवडणं आजच बंद. फुटकी काच, पॅड, इन्सुलिनच्या सुया त्याच्याच हाताला लागतात. घनकचरा नियमांत कचरा वेगळा करायची जबाबदारी कचरा करणाऱ्याची आहे. मेंटेनन्स भरून ती टळत नाही.

देवगुराडिया_रोड: ‘एका पिशवीने काय होतंय’ हेही ऐकाल. इथला देवगुराडियाचा बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा) प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा. अशा प्लांटमध्ये आधी कचऱ्याचा लगदा करतात. पातळ पिशव्या कापल्या जात नाहीत, यंत्राच्या दांड्याला गुंडाळतात. सुटलेल्या तुकड्यांची टाकीत वर साय धरते. काच-वाळू तळाशी बसून जागा खाते. काचेचे कण प्लांटमधून निघणाऱ्या खतात उतरले तर ते शेतात कोण घालणार? ओल्या बादलीत पिशवी नकोच, तळाला वर्तमानपत्र घाला.

उषानगरच्या ताई: दंडाआधी एवढं बघा, बादली भरतं कोण? सभेत मान डोलावतात मालक, कचरा टाकते कामवाली, आणि तिला कुणी सांगितलेलंच नसतं. सोसायटीनेही आपला वाटा उचलावा. इंदूरमधले कचऱ्याचे सहा प्रकार लहान फ्लॅटमध्ये मावत नाहीत. घरात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी (कागदात गुंडाळून) ठेवावा. ई-कचरा आणि जुनी औषधं, बल्ब यांसाठी खाली दोन कुलूपबंद पेट्या.

सुदामानगरकर: आवारातच खत केलं तर?

मल्हारगंजवाले: महिनाभर बादल्या नीट येऊ द्या, मग करा. २४ घरांचा ओला कचरा रोज १०-१२ किलो धरा. एक बादली कचऱ्याला जवळजवळ एक बादली वाळलेला पाला. पाला कमी पडला की पाणी साचतं, हवा कोंडते, वास सुटतो आणि पहिली तक्रार तळमजल्यावरून येते. माल मुठीत दाबून बघा: एखाददुसरा थेंब ठीक, धार लागली तर पाला वाढवा. आठवड्यातून दोनदा उलथापालथ केली तर दीड-दोन महिन्यांत खत तयार.