जाड इंग्रजी कादंबऱ्यांतल्या त्या बायका आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

१९९० साली मी डोंबिवलीहून व्हीटीला बँकेत क्लार्क म्हणून जायचे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर इंग्रजी कादंबऱ्या असत. इतक्या जाड, की चार हातांतून फिरल्या की मधोमध दुभंगायच्या. मग वाचनालयवाले काका भोकं पाडून त्या दाभणाने शिवायचे. शिवणीत ओळींची टोकं गडप व्हायची, पान वाकवून वाचावं लागायचं. असंच शिवलेलं ‘अ वुमन ऑफ सबस्टन्स’ मी महिनाभर लेडीज डब्यात उभ्याने वाचलं.

सुरुवातीला १९६८ साल आहे. एम्मा हार्ट नावाची अब्जाधीश आजी नातीला घेऊन खासगी विमानाने न्यूयॉर्कला निघाली आहे. मग गोष्ट मागे जाते, यॉर्कशायरच्या एका हवेलीत राबणाऱ्या मोलकरीण पोरीकडे. मालकाच्या मुलापासून दिवस जातात, तो अंग काढून घेतो, ती लीड्सला निघून जाते, शिवणकाम करते, लहानसं दुकान टाकते. त्या दुकानाची पुढे मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स होतात. दागिने, पार्ट्या, प्रेमप्रकरणं यांची रेलचेल आहेच. मी मात्र पुन्हा पुन्हा वाचले ते पैसा पैसा जोडून दुकान उभं करण्याचे भाग. तोवर मी ज्या कौटुंबिक कादंबऱ्या वाचल्या होत्या त्यांत नोकरीत पुढे गेलेल्या बाईचं घर तरी मोडायचं, नाहीतर शेवटी तिला पश्चात्ताप तरी व्हायचा. इथे तसं काही होत नव्हतं.

त्या दिवसांत प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. ऑफिसर झालं की बदली ठरलेली, म्हणून आमच्या सेक्शनमधल्या कितीतरी जणींनी तो भरलाच नव्हता.

या पुस्तकांना टाइमपास म्हटलेलं मला आजही लागतं. तुमच्या हातात असं पुस्तक कधी पडलं आणि ते मिटल्यावर काय झालं, सांगा. फसगत झाली असेल तर तीही सांगा.

सातारा

माझं पुस्तक ‘सोशलाइट इव्हनिंग्ज’. शोभा डे यांची पहिली कादंबरी, १९८९ ची. मैत्रिणीने मुंबईहून आणली होती. मुंबईच्या बड्या लोकांत वावरणारी नायिका करुणा, आणि तिचा जन्म चक्क आमच्या साताऱ्यातला! ते वाक्य मी आईला मराठीत सांगितलं तर ती विचारते, “कुठल्या पेठेतली गं?” आईला ती खरीच वाटली, आणि मलाही.

करुणाच्या नवऱ्याकडे पैसाअडका आहे. पण तिच्याशी बोलायला त्याच्याकडे काहीच नाही. मारहाण नाही, दारू नाही, तरी बाई आतून वाळून जाऊ शकते, हे मी तिथे पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच चाललं होतं आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो, “तुला काय कमी आहे?” पुस्तक संपल्यावर मी तिला पत्र लिहिलं. आठ पानी झालं.

पुणे

वडिलांचं वाचनालय होतं, संध्याकाळी गल्ल्यावर मी बसायचो. मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथांची नावं आणि मुखपृष्ठं इतकी एकसारखी, की आपण कुठलं वाचलंय ते कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. म्हणून प्रत्येक बाईची एक खूण असायची. कुणी एकवीस नंबरच्या पानावर टिंब देई, कुणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक फूल काढी. नवीन पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं, खूण दिसली की परत ठेवायचं.

टिंब देणाऱ्या काकू एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या गेल्यावर त्यांच्या सुनेने शेवटची दोन पुस्तकं परत आणून दिली. मी एकविसावं पान उघडून पाहिलं. एकावर टिंब होतं, दुसऱ्यावर नव्हतं. ते दुसरं पुस्तक आम्ही पुन्हा कुणाला दिलं नाही.

ठाणे

माझा अनुभव वेगळा आहे. १९९१ मध्ये मी एका खासगी कंपनीत स्टेनो म्हणून लागले. तोवर माझं पुरुषांबद्दलचं सगळं ज्ञान मिल्स अँड बूनमधलं. त्यातला साहेब उर्मट असतो, मनगट धरतो, ‘नाही’ ऐकत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की त्याचं पहिल्यापासून प्रेम होतं. आमच्या साहेबांनी डिक्टेशन देताना खुर्ची जवळ ओढायला सुरुवात केली, तेव्हा मला किळस आली. तरी मन म्हणायचं, कदाचित याचा अर्थ वेगळा असेल. तसं काही नाही, हे कळायला मला सात महिने लागले. तक्रार करायला जागा नव्हती, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा. मी राजीनामा दिला आणि कारण ‘घरगुती’ लिहिलं. त्या कथा मला आवडायच्या, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मुलीच्या हातात त्यातलं एक दिसलं तेव्हा मी तिच्याशेजारी बसून ते मनगटाचं पान तिला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग आम्ही बोललो.

लातूर

सिडनी शेल्डनचं ‘मास्टर ऑफ द गेम’. बी.कॉम. मराठी माध्यमातून झालेलं, इंग्रजीचा धसका. त्यातली नायिका केट ब्लॅकवेल पुढे काय करते ते कळायलाच हवं होतं, म्हणून शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. पहिल्या शंभर पानांना दोन महिने, उरलेलं चार दिवसांत!

लीड्स

मी इथे इस्पितळात फिजिओ आहे. एम्मा हार्टला जन्म देणाऱ्या लेखिका बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड इथल्याच, अपर आर्मलीच्या. जन्म १९३३. यॉर्कशायर इव्हनिंग पोस्टमध्ये टायपिस्ट म्हणून लागल्या, तिथेच वार्ताहर झाल्या, विसाव्या वर्षी लंडन गाठलं. पहिली कादंबरी आली १९७९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मी मुद्दाम आर्मलीत जाऊन आले. एम्माचं पहिलं दुकान तिथलंच ना! कालव्याकाठी जुनी लोकरीची गिरणी आहे, आता तिचं संग्रहालय झालंय. माझी आजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. भिंतीला हात लावून जरा वेळ उभी राहिले. तिच्यावर अशी सातशे पानं कुणीतरी लिहायला हवी होती.

नाशिक

सगळे अनुभव वाचले. डोंबिवलीच्या ताई, तुमच्या फॉर्मचं काय झालं ते राहिलं सांगायचं.

डोंबिवली

भरला. १९९४ मध्ये ऑफिसर झाले आणि पोस्टिंग आलं नंदुरबारला, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. मुलगा सहा वर्षांचा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मी येते तुझ्याबरोबर, पोराला कोण बघणार?” बाजारात जिकडेतिकडे लाल मिरच्या वाळत घातलेल्या, पहिला आठवडा आम्ही तिघंही खोकत होतो. निघताना ते पुस्तक विकत मागितलं तर काकांनी पैसे घेतले नाहीत. सुटत आलेले टाके तेवढे नवीन दोऱ्याने घालून दिले.