लोहगडावर माणसांची मर्यादा हवी की नको?

हिरवी_घळ:
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. लोहगड त्यातलाच. माझं स्पष्ट मत, पावसाळी शनिवार-रविवारी नोंदणीशिवाय कुणालाही वर सोडू नये. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही नागमोडी वाट एकच, चढणारे-उतरणारे तिथेच समोरासमोर येतात. दारातून मिनिटाला २० माणसं धरली तरी तासाला १२००. ओल्या पायऱ्यांवर निम्मी, म्हणजे ६००, त्यातली वर जाणारी निम्मी, ३००. सात तासांत २१०० झाली! मर्यादा या दारांवरून काढा. माथ्याच्या क्षेत्रफळावरून काढलेला आकडा फसवा असतो, कोंडी माथ्यावर होतच नाही.

पायथ्याचा_माणूस:
साफ अमान्य. पायथ्याच्या लोहगडवाडीतल्या घरगुती खानावळी आणि पार्किंग याच रविवारांवर चालतात. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराचं उदाहरण लोक देतात, पण तिथे दिवसाला ३००० ची मर्यादा टिकली ती गावांच्या समित्या शुल्क घेतात आणि राखणही करतात म्हणून. इथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट केंद्राकडे जातं, गावाच्या वाट्याला कचरा येतो. आधी गाड्या खाली अडवा, वर गावच्याच जीपा चालवा. माणसं आपोआप टप्प्याटप्प्याने येतील.

हिरवी_घळ:
जवळच्या मळवली स्टेशनला लोकलने उतरून चालत येणाऱ्यांचं काय? ते गाड्यांत मोजलेच जात नाहीत.

चुन्याचा_घाणा:
गर्दीवर भांडताय, पण तट पडतो तो पाण्याने. निचऱ्याच्या वाटा प्लास्टिकने आणि गाळाने तुंबल्या की पाणी भिंतीच्या पोटात मुरतं, गाभ्यातली भर फुगते, बाहेरच्या दगडांना पोट सुटतं. त्यावर सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या तर आतली ओल कोंडून आणखी नुकसान. चुना १ भाग, वाळू ३ भाग, वर ओली गोणपाटं दोन-तीन आठवडे. हे काम पाऊस संपल्यावरच होतं. पिंपळाचंही तसंच. नुसता छाटला तर दुप्पट फुटतो, ओढून काढला तर दगड घेऊन येतो. खोड कापून ताज्या कापावर तणनाशक लावायचं, मूळ मेल्यावर फट चुन्याने भरायची. आणि हे उत्साही गटांनी परस्पर करू नये, संरक्षित स्मारकावर खात्याची परवानगी लागते. मे महिन्यात निचरा साफ झाला नाही तर तुमच्या २१०० च्या मर्यादेने एकही दगड वाचणार नाही.

हिरवी_घळ:
निचरा तुंबवणारं प्लास्टिक गर्दीच वर नेते ना? दोन्ही एकाच आराखड्यात हवं.

पायथ्याचा_माणूस:
मग आराखड्यात हेही लिहा: नोंदणी शुल्क ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात, त्यातून पायथ्याशी शौचालयं आणि मे महिन्यातली निचरा सफाई, मजुरी गावातल्याच माणसांना. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना नोंदणी नको. एवढं लेखी मिळेपर्यंत माझा विरोध कायम.