दीपमाळेच्या फोटोत माणूस पारदर्शक का दिसतो?

सांजवात (प्रश्न):
नमस्कार. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या देवळात दीपमाळ उजळली जात असताना मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावून काही फोटो काढले. त्यांपैकी एका फोटोत पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्या आतेभावाचे पाय ठळक आले आहेत. परंतु कमरेपासून वरचे शरीर पारदर्शक दिसते आणि मागच्या पणत्या त्याच्या छातीतून चमकताना दिसतात. आत्याला हा अशुभ संकेत वाटतो आणि तिने त्याचा प्रवासही पुढे ढकलायला लावला आहे. तिची भीती थट्टेवारी नेण्याची माझी इच्छा नाही, तिला पटेल असे नेमके कारण मला हवे आहे. शटर ४ सेकंद, लेन्सचे छिद्र एफ/८ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० अशी नोंद फोटोच्या माहितीत आहे. फ्लॅश वापरला नव्हता.

छायाप्रकाश:
कारण त्या ४ सेकंदांत आहे. शटर उघडे असेपर्यंत कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा प्रत्येक बिंदू त्याच्यावर पडणारा प्रकाश साठवत राहतो, आणि कोणता प्रकाश आधी आला व कोणता नंतर, याची नोंद तो ठेवत नाही. एखाद्या बिंदूसमोर १ सेकंद भावाचा सदरा आणि उरलेले ३ सेकंद मागची दीपमाळ असेल, तर फोटोत दोन्हींच्या प्रकाशाची बेरीज उमटते. अंधारातल्या सदऱ्याकडून येणारा प्रकाश मुळातच थोडा असतो, उलट पणतीची ज्योत इतकी तेजस्वी असते की ती थोडा वेळ उघडी पडली तरी ठसठशीत उमटते. म्हणून शरीर विरते आणि ज्योती आरपार दिसल्यासारख्या वाटतात.

पाय ठळक आहेत, याचा अर्थ पावले पूर्ण ४ सेकंद एकाच जागी होती आणि हालचाल फक्त कमरेच्या वर झाली. भाऊ पणती ठेवण्यासाठी वाकला होता का? तसे असेल, तर वाकलेल्या स्थितीतली दुसरी पुसट आकृतीही गुडघ्यांच्या आसपास सापडायला हवी.

सांजवात:
तो वाकला होता, हे आता आठवते. फोटो मोठा करून सावलीचा भाग उजळल्यावर गुडघ्यांच्या उंचीवर डोक्याची पुसट कड दिसली. शिवाय छातीपासून पायथ्यापर्यंत एक नारिंगी वक्र रेषाही आहे, जिला मी आतापर्यंत लेन्समधला दोष समजत होतो.

छायाप्रकाश:
ती रेषा म्हणजे त्याच्या हातातल्या पेटत्या पणतीचा माग आहे. आत्यांना सर्वांत आधी हीच दाखवा, कारण भाऊ कसा वाकला आणि पणती कुठे टेकवली, हे सगळे तिच्यात उमटले आहे.

रीळवाला:
हा परिणाम छायाचित्रणाइतकाच जुना आहे. छायाचित्रणाचे एक आद्य जनक, फ्रान्सचे लुई डागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्रकाशन (चित्रावर प्रकाश पडू देण्याचा वेळ) काही मिनिटांचे असल्याने धावती वाहने आणि चालणारी माणसे उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस मात्र दिसतो. पुढे १८५६ मध्ये स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी, प्रकाशन अर्धवट असताना माणसाला चौकटीबाहेर नेऊन पारदर्शक भूत कसे तयार करावे, हे लिहूनच ठेवले. तरीही अमेरिकेत विल्यम मम्लर यांनी मृत नातलगांच्या छाया म्हणून असे फोटो शोकाकुल माणसांना विकले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा छाया आणण्याच्या युक्त्या इतर छायाचित्रकारांनी समजावून सांगितल्या, मात्र पुराव्याअभावी मम्लर सुटले. दुःखात असलेल्या माणसांच्या अज्ञानावर चाललेला तो व्यापार मला आजही अस्वस्थ करतो, म्हणून तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

रातराणी:
मोबाइलवर असा फोटो आला, तर कारण थोडे वेगळे असू शकते. नाइट मोडमध्ये फोन लागोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. हललेला भाग ओळखून वगळण्याचा प्रयत्न सॉफ्टवेअर करते. ते जिथे चुकते, तिथे अर्धवट हात किंवा दुहेरी कडा उरतात. फ्लॅशसह मंद शटर वापरल्यास वेगळेच घडते: क्षणभराच्या झोतात चेहरा रेखीव गोठतो, आणि माणूस सरकल्यावर उरलेल्या वेळात मागचे दिवे त्याच चेहऱ्यावर उमटतात.

छायाप्रकाश:
सांजवात, अंगणात पणत्यांची रांग लावून कॅमेरा त्याच ४ सेकंदांवर ठेवा. पहिल्या फोटोत भावाला पूर्ण वेळ स्थिर उभे करा. दुसऱ्यात गडद कपड्यांत २ सेकंद उभे राहून बाजूला व्हायला सांगा. शटरचे बटण आत्यांच्याच हाती द्या.