मदत हवी आहे: टर्नरच्या मुलांना सीएनसी सेटिंगचा सराव कुठे मिळेल?

आमच्या आयटीआयत टर्नरच्या तुकडीत २० मुलं, सीएनसी लेथ (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कातणारं मशीन) एकच. सिम्युलेटरवर प्रोग्रॅम सगळे लिहितात. एमआयडीसीतल्या वर्कशॉपना मात्र सेटर हवा: सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) मापाने बोअर करणारा, टूल ऑफसेट (टूलच्या टोकाची नेमकी जागा मशीनला देणारं माप) घेणारा, पहिल्या पीसचा व्यास मायक्रोमीटरने मोजून वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेपुरता बारीक फरक) दुरुस्त करणारा. मशीनवर हात बसल्याशिवाय हे येत नाही.

मोठ्या कारखान्यात पाठवून पाहिलं. मुलं लोडिंग-अनलोडिंगलाच अडकतात. दहा-बारा कामगारांचे वर्कशॉपवाले शिकवायला राजी आहेत. अप्रेंटिस कायद्यात ४ ते २९ कामगार असतील तर अप्रेंटिस घेणं ऐच्छिक आहे, तेही सांगितलं. धास्ती एकच, चुकीच्या ऑफसेटने टरेट (टूल धरणारा भाग) चकवर (जॉब धरून फिरवणाऱ्या भागावर) आदळला तर? आणि आयटीआयकडे नव्या मशीनला निधी नाही.

तीन-चार वर्कशॉपमध्ये मुलं आळीपाळीने पाठवायची व्यवस्था कुणी बसवली आहे का? करारात नुकसानभरपाईचं कलम कसं लिहिलंत?