देवयानीतल्या जी-१ गुच्छाचं वय रंगावरून काढता येईल का?

यवतेश्वरघाट (सातारा):
चाळकेवाडीच्या पठारावरून १० इंची दुर्बिणीने देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतला जी-१ हा गोलाकार तारकागुच्छ टिपला आहे. बी (निळा) आणि व्ही (हिरवा-पिवळा) फिल्टरमधल्या प्रतींचा, म्हणजे तेजाच्या मापांचा, फरक ०.८ च्या आसपास येतो. रंगावरून वय सांगणाऱ्या तक्त्यात तो एकदा २ अब्ज वर्षांशी जुळतो, एकदा १२ अब्जांशी. चुकतंय कुठे? आणि हा गुच्छ मुळात आला कुठून?

कृष्णाकाठ (सांगली):
मोजणी चुकली असेलच असं नाही, प्रश्न एका रंगावर विसंबण्याचा आहे. तारे म्हातारे झाले की गुच्छ तांबूस होतो, आणि ताऱ्यांत लोखंडासारखी जड मूलद्रव्यं जास्त असली तरीही तांबूसच होतो. ढोबळमानाने वय तिप्पट करा किंवा जड मूलद्रव्यं दुप्पट करा, रंग सारखाच दिसतो. ही गाठ वर्णपटाने सुटते: हायड्रोजनच्या एच-बीटा रेषेवरून मुख्यतः वय, मॅग्नेशियम-लोखंडाच्या रेषांवरून धातूंचं प्रमाण.

आधी दोन गोष्टी तपासा. जी-१ ला खेटून आपल्याच आकाशगंगेतले दोन तारे आहेत. मोजणीचं वर्तुळ मोठं घेतलंत तर त्यांचा प्रकाश मिसळतो. दुसरं, मधल्या धुळीमुळे रंग सुमारे ०.०६ ने लाल होतो, तेवढा वजा करा.

सप्तर्षी_कराड:
तरुण गुच्छांत वेगळाच घोटाळा होतो. गुच्छ काही हजार सूर्यांच्या वजनाचाच असेल तर एकदोन लाल महातारे सगळा रंग फिरवतात आणि १ कोटी वर्षांचा गुच्छ कितीतरी म्हातारा वाटतो. तिथे अतिनील प्रकाश आणि एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) बघायचं. सभोवती हायड्रोजन चमकत असेल तर वय साधारण १ कोटीच्या आत.

उगमाबद्दल: जी-१ मधल्या ताऱ्यांत लोखंडाचं प्रमाण एकसारखं नाही. एकाच वायूच्या ढगातून एका दमात जन्मलेल्या गुच्छात असं सहसा होत नाही. म्हणून तो देवयानीने गिळलेल्या बटू (छोट्या) दीर्घिकेचा गाभा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मला ते पटतं, कारण एम-५४ या गोलाकार गुच्छाचं उदाहरण घराजवळच आहे: आपल्या आकाशगंगेकडून फाडल्या जात असलेल्या धनु बटू दीर्घिकेच्या मधोमध तो बसलेला आहे. पण प्रत्येक गुच्छाला हे लावू नका. अँटेना दीर्घिकांच्या टकरीत दाबलेल्या वायूतून लाखो सूर्यांच्या वजनाचे गुच्छ थेट जन्मलेत.

यवतेश्वरघाट:
वर्तुळ लहान करून कार्तिक अमावास्येला पुन्हा मोजतो. एच-बीटासाठी १० इंची पुरेल?

कृष्णाकाठ:
नाही. १३.७ प्रतीचा प्रकाश वर्णपटात पसरला की रेषा गोंगाटात बुडते. हबलची देवयानीची चित्रं मोफत मिळतात, त्यावर काम करा.