काच ठोकणाऱ्या शिंजीराचा फोटो नुसता काळा का येतोय?

गिरणीवाली, परभणी

नमस्कार मंडळी. खाली आमची पिठाची गिरणी, वर आम्ही राहतो. स्वयंपाकघराची खिडकी उगवतीकडं आहे आणि बाहेर चार हातांवर शेवगा, सध्या फुलांनी लगडलेला. महिना झाला, एक शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) रोज सकाळी सातला येतो आणि काच ठोकत बसतो. टक टक टक. पोरगा म्हणतो, आई, तुझ्या हातची भाकरी मागायलाय.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका पोराकडून जुना कॅमेरा घेतलाय, ५५-२५० ची लेन्स आहे, लांबचं जवळ दाखवणारी. डोळ्याला तो पक्षी इतका झगमगीत दिसतो, जांभळा, निळा, मधेच हिरवा. फोटोत मात्र कोळशाचा तुकडा. मागं सगळं दुधाळ, त्यात माझ्याच फळीवरचे डबे उमटलेले. ट्रायपॉड लावला तरी फोटो हललेला. पाचशे तरी काढले असतील, एकही दाखवण्यासारखा नाही. कुठं चुकायलंय?

नाथसागरकाठ, पैठण

ताई, आधी काच धुवा, दोन्ही अंगांनी. गिरणीचं पीठ बसत असणार. सकाळचं ऊन समोरून काचेवर पडलं की तेच पीठ चमकतं, म्हणून दुधाळ. डबे दिसतात ते आतल्या उजेडामुळं. ट्यूब बंद करा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळा कपडा गुंडाळा. घरातलं काही उमटणार नाही. शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, किती ठेवता? लेन्स २५० पर्यंत ओढली की निदान १/५०० सेकंद पाहिजे. पक्षी लहान असला की चुळबुळ फार.

गिरणीवाली, परभणी

दादा, सगळं केलं. नवऱ्याची काळी लुंगी गुंडाळली (त्यांना सांगू नका). डबे गेले हे खरं. पण दोन गोष्टी झाल्या. एक, लेन्स काचेला लावली की कॅमेरा नुसता घर्रघर्र करतो, बटणच दाबलं जात नाही. दुसरी जास्त वाईट. आतून अंधार केल्यापासून शिंजीर दुप्पट जोरानं ठोकायलाय. आधी दहा मिनिटं यायचा, आता तासभर. चोचीची काळजी वाटायलीय.

आणि शटर १/६० होतं. वाढवलं.

निवृत्त गुरुजी, लातूर

ताई, तो भाकरी मागत नाही. भांडतोय. फेब्रुवारीपासून पुढं यांचा विणीचा हंगाम. नराचा रंग गडद होतो आणि आपल्या हद्दीत दुसरा नर दिसला की तो अंगावर जातो. तुमच्या काचेत त्याला दुसरा नर दिसतो, तो स्वतःच. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की काचेचा आरसा होतो. तुम्ही आत लुंगी लावून आरसा आणखी स्वच्छ करून दिलात.

पडदे लावून उपयोग नाही, त्यानं उलट वाढतं. काच बाहेरून झाका. मी साबणाचं घट्ट पाणी फडक्यानं बाहेरून फासतो, नाहीतर वर्तमानपत्र चिकटवतो. प्रतिबिंब गेलं की भांडण मिटतं. हंगाम सरला की धुऊन टाका. बाकी, खाली परातीत पाणी ठेवा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून आमच्या गच्चीवर दोन परळ असतात. रोज घासायचे मात्र, शेवाळलेलं पाणी नको. बुलबुल, साळुंकी, होले, सगळे येतात. शिंजीर क्वचित, त्याची तहान बरीचशी फुलांतल्या मधावर भागते.

नाथसागरकाठ, पैठण

गुरुजी बरोबर आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी आपला रोहित पक्ष्यांचे फोटो काढणारा, मधे पाव किलोमीटर पाणी, काचेशी संबंध नाही. चूक माझी.

घर्रघर्रचं कारण: ही लेन्स साधारण मीटरभराच्या आतलं टिपत नाही. पक्षी काचेवर आणि तुम्ही काचेला चिकटलेल्या, मधे वीतभरही अंतर नाही. तर काचेवरचा पक्षी सोडा, शेवग्यावरचा घ्या.

आणि काळ्या रंगाचं. त्याचा जांभळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो, त्याची ती झळाळी. उजेड तुमच्या पाठीकडून त्याच्यावर पडला तरच दिसते. सकाळी सूर्य त्याच्या मागं, म्हणून कोळसा. दुपारी चारला बघा, घरावरून येणारं ऊन शेवग्याच्या शेंड्यावर पडत असेल. खिडकी सरळ उघडा, जुनी चादर टांगा, लेन्सपुरतं भोक पाडा. दोन-तीन दिवस चादर तशीच राहू द्या, त्याला सवय होते. फ्लॅश नको.

एक विचारायचं राहिलं. ट्रायपॉड लावूनही हलतं म्हणता, तेव्हा गिरणी चालू असते का?

गिरणीवाली, परभणी

अगं बाई! सातपासून चालूच असते. स्लॅबवर ठेवलेला पाण्याचा तांब्यासुद्धा थरथरतो आमचा. इतकी वर्षं अंगवळणी पडलंय, कळतच नाही. पण सकाळ-संध्याकाळ ज्वारीचे डबे घेऊन बायका उभ्या असतात, शिंजीरासाठी बंद ठेवली तर सासूबाई मला दळतील.

निवृत्त गुरुजी, लातूर

मराठवाड्यात राहता ना? लाईट जाते की.

गिरणीवाली, परभणी

आठ दिवसांनी लिहितेय. काचेला बाहेरून साबण फासला. पहिल्या दिवशी तो आला, दोनदा टोचलं, इकडंतिकडं बघितलं आणि उडून गेला. परत काचेवर आला नाही. सकाळी सातला स्वयंपाकघर फार शांत वाटायलंय, खरं सांगू का. भाकरी थापताना कान तिकडंच.

काल चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. गिरणी बंद, कूलर बंद, खाली बायकांचा गलका. मी चादरीमागं जाऊन बसले. तो शेवग्याच्या शेंड्यावर आला, फुलात चोच घातली, मान वळवली आणि एकदम पेटल्यासारखा जांभळा झाला. १/१००० वर नऊ फोटो घेतले. सहा हुकले. दोनांत शेपटी कापलीय. एक आलाय. खाली टाकलाय, बघा.

मादी पण दिसली, वरून मळकट, खालून पिवळसर. गिरणीच्या शटरवर जुनी वायर लोंबकळते, तिला ती कोळ्याची जाळी आणून चिकटवायलीय. म्हणजे घरटंच. नवऱ्याला सांगितलंय, पावसाळा लागेपर्यंत त्या वायरीला हात लावायचा नाही आणि शटर हळू ओढायचं. कॅमेरा तिकडं नेणार नाही, गुरुजी, काळजी नसावी.

आता दादा एवढं सांगा, लेन्स काढताना आत पीठ गेलंय, फोटोत ठिपके दिसायलेत. फुंकर मारू का?

नाथसागरकाठ, पैठण

अजिबात नको, थुंकी उडते. रबरी फुगा मिळतो, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून त्यानं हवा मारा. आणि लेन्स गिरणीपासून लांब बदलत जा.

फोटो फ्रेम करा.